हरलेले ऑनलाइन लिलाव परत शोधून देणारे सॉफ्टवेअर आहे का?

प्रश्न: नाणेवेडा, डिचोली

नमस्कार मंडळी,

पोर्तुगीज अमदानीतील गोव्याची नाणी आणि जुनी पोस्टकार्डे जमवण्याचा मला छंद आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांतून आता फारसे काही बाहेर येत नाही आणि आले तरी ते मध्यस्थांच्या हातून फिरून येते. त्यामुळे माझी बरीचशी खरेदी ईबेवरच्या लिस्बन, पॅरिस किंवा लंडन येथील विक्रेत्यांकडून होते. अर्थात जिंकण्यापेक्षा हरणेच अधिक, कारण पोर्तुगालमधील संग्राहक अशा वस्तूंसाठी हात सैल सोडून बोली लावतात.

माझा प्रश्न या हरलेल्या लिलावांविषयी आहे. ज्या लिलावात मी बोली लावली पण वस्तू दुसऱ्याला मिळाली, अशा सर्व लिलावांची नोंद मला एके ठिकाणी हवी आहे. तीत वस्तूचे शीर्षक, क्रमांक, लिलाव संपल्याची तारीख, अंतिम किंमत, माझी बोली आणि शक्य झाल्यास छायाचित्र असावे. कारण असे, की आपल्या नाण्यांच्या ज्या छापील किमती सर्वसाधारण सूचीग्रंथांत मिळतात, त्या प्रत्यक्ष बाजाराच्या मागे रेंगाळत असतात. खरा भाव कळतो तो कोणी किती मोजले यावरून. शिवाय ज्या नाण्यावर मी बोली लावली, त्याची छायाचित्रे मी बारकाईने पाहिलेली असतात, त्यामुळे त्या किमतीचा अर्थ मला इतर कोणत्याही विक्रीपेक्षा अधिक कळतो. कधी कधी तेच नाणे काही महिन्यांनी पुन्हा विक्रीला येते, आणि तेव्हा मागच्या खेपेचा आकडा हाताशी नसला की पंचाईत होते.

ईबेवरील यादी सुमारे ६० दिवसांपलीकडे जात नाही, हे मला ठाऊक आहे. भारतातील ईबे डॉट इन ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले, तिथल्या बोलींचे काय करावे हाही प्रश्न आहेच. अशा कामासाठी विकत मिळणारे एक तयार सॉफ्टवेअर मी उतरवून पाहिले. पण पहिल्याच पानावर त्याने माझ्या खात्याचा पासवर्ड मागितला, म्हणून मी तिथेच थांबलो. मला एक्सेल चांगले येते, प्रोग्रामिंग येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: मडगावकर

पासवर्ड दिला नाही हे उत्तम केलेत. दुसऱ्याच्या प्रोग्रामला आपल्या खात्यात शिरू द्यायचे असेल, तर त्याने ईबेच्याच लॉगिन पानावर आपल्याला पाठवून परवानगीचे टोकन (पासवर्डऐवजी चालणारी सांकेतिक खूण) घ्यावे, ही आजची सर्वमान्य रीत आहे. जो थेट पासवर्ड मागतो त्याच्या वाटेला जाऊ नये.

सॉफ्टवेअर मिळेल तेव्हा मिळेल. ‘माय ईबे’मध्ये बोलींच्या विभागात न जिंकलेल्या वस्तूंची वेगळी यादी असते, ती आजच एक्सेलमध्ये उतरवून घ्या.

आणखी एक गोष्ट यात बसते. हरलेला लिलाव कधी कधी खरोखरच परत मिळतो. जिंकणाऱ्याने पैसे भरले नाहीत, किंवा विक्रेत्याजवळ तशीच दुसरी वस्तू असली, तर लिलाव संपल्यापासून ६० दिवसांच्या आत तो हरलेल्या बोलीदाराला ‘सेकंड चान्स ऑफर’ पाठवू शकतो. तिची किंमत म्हणजे आपण लावलेली सर्वोच्च बोली, आणि मुदत विक्रेत्याने ठरवल्याप्रमाणे १, ३, ५ किंवा ७ दिवसांची. ती स्वीकारण्याचे कोणतेही बंधन नसते. मात्र या नावाखाली फसवणुकीच्या ईमेल फार जुन्या काळापासून फिरत आहेत. खरी ऑफर ईबे खात्यातील संदेशांत दिसतेच. तिथे दिसत नसेल तर ती ईमेल सरळ काढून टाकावी.

उत्तर: पर्वरीचा प्रोग्रामर

तयार आणि विश्वासार्ह असे एखादे सॉफ्टवेअर सुचवण्याऐवजी मी असे म्हणेन, की हे काम एका छोट्या स्क्रिप्टचे, म्हणजे लहानशा प्रोग्रामचे आहे आणि ते अधिकृत मार्गाने करता येते.

एपीआय म्हणजे प्रोग्रामने ईबेकडून थेट माहिती मागण्याची अधिकृत सोय. ईबेच्या ‘ट्रेडिंग एपीआय’मध्ये ‘गेट माय ईबे बाइंग’ नावाची एक विनंती आहे. तिच्या उत्तरात निरनिराळ्या याद्या मागता येतात: चालू बोली, नजर ठेवलेल्या वस्तू, जिंकलेल्या वस्तू आणि ‘लॉस्ट लिस्ट’, म्हणजे आपल्याला नेमकी हवी असलेली हरलेल्या लिलावांची यादी. तिला किती दिवस मागे जायचे ते सांगता येते, पण तिथेही मर्यादा ६० दिवसांचीच आहे. उत्तर एक्सएमएल या खुणा घातलेल्या मजकुराच्या स्वरूपात येते. त्यातून वस्तू क्रमांक, शीर्षक, संपण्याची वेळ आणि शेवटची किंमत उचलून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका तक्त्यात टाकली, की तो तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून एक्सेलमध्ये उघडता येतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हे सारे शंभरेक ओळींच्या आत बसते.

नाणेवेडा यांनी ‘परत मिळवणारे’ सॉफ्टवेअर मागितले आहे, पण साठ दिवस उलटलेले काही ही विनंती परत आणू शकत नाही. म्हणून स्क्रिप्ट एकदा चालवून भागणार नाही. ती आठवड्यातून एकदा आपोआप चालावी आणि आधी नोंदलेला वस्तू क्रमांक पुन्हा आला तर नवी ओळ न घालता जुनीच अद्ययावत करावी. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, त्यामुळे घरच्या संगणकावर एखादा आठवडा चुकला तरी चिंता नको. साठ दिवसांच्या खिडकीत तो पुढच्या खेपेला भरून निघतो.

प्रत्यक्ष करताना दोन ठिकाणी अडायला होते, ती आधीच सांगून ठेवतो. ईबेवर प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीचे डेव्हलपर खाते विनामूल्य उघडते, पण खऱ्या व्यवहारांसाठीच्या चाव्या (प्रोग्रामची ओळख पटवणारे संकेतांक) लगेच चालू होत नाहीत. एखाद्या सदस्याने आपले खाते बंद केले तर त्याची सूचना स्वीकारण्याची सोय तुमच्याकडे आहे, किंवा तुम्ही दुसऱ्या कोणाची माहिती साठवतच नाही म्हणून तुम्हाला सूट हवी, यांपैकी एक पर्याय आधी नोंदवावा लागतो. हे न कळल्यामुळे अनेकजण तिथेच कंटाळून सोडून देतात. सूट सोपी पडते, म्हणून विक्रेत्यांची आणि इतर बोलीदारांची नावे तक्त्यात साठवूच नयेत; आपल्या कामाला ती लागतही नाहीत. दुसरी अडचण वेळेची. एपीआयमधील वेळ ग्रीनिच प्रमाणवेळेनुसार असते, आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. रात्री उशिरा संपलेल्या लिलावाची तारीख आपल्याकडे दुसऱ्या दिवसाची होते. मूळ वेळ तशीच साठवावी आणि भारतीय वेळ वेगळ्या रकान्यात काढावी.

छायाचित्राबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नाण्यांच्या बाबतीत अर्धी माहिती तिथेच असते. यादीबरोबर येते ती चिमुकली प्रतिमा. तिच्यावरून १८८१ चा रुपया आहे की १८८२ चा हेसुद्धा धड वाचता येत नाही, मग कड घासलेली आहे की नाही हे कसे कळणार? नुसता दुवा साठवून ठेवण्यातही अर्थ नाही, कारण ईबेच्या प्रतिमा कायमच्या नसतात आणि काही काळाने दुवा मोकळा पडतो. मोठी छायाचित्रे बोली लावतानाच उतरवून, फाइलला वस्तू क्रमांकाचेच नाव द्यावे. शीर्षकावर कधीही विसंबू नये. एकच नाणे कोणी ‘पोर्च्युगीज इंडिया’ म्हणून, कोणी ‘गोवा’ म्हणून, पोर्तुगीज विक्रेता ‘इंडिया पोर्तुगेझा’ म्हणून आणि फ्रेंच विक्रेता ‘अँद पोर्तुगेझ’ म्हणून विकतो. बारा अंकी वस्तू क्रमांक हीच खरी ओळख.

एपीआयची कटकट नको म्हणून ईबेची पाने स्क्रिप्टने आपोआप उघडून त्यांतील माहिती खरवडून काढण्याचा मोह होतो. ईबेच्या वापराच्या अटींत परवानगीशिवाय असे करण्यास मनाई आहे, आणि हा वाद फार जुना आहे. अनेक लिलावस्थळांची माहिती एकत्र दाखवणाऱ्या ‘बिडर्स एज’ या कंपनीविरुद्ध ईबे न्यायालयात गेली, तेव्हा त्या कंपनीचे प्रोग्राम ईबेवर दिवसाला सुमारे १,००,००० विनंत्या पाठवत होते. मे २००० मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने त्यांना मनाई केली. आठवड्यातून एकदा स्वतःची यादी पाहणाऱ्या माणसामागे कोणी वकील लावणार नाही, हे खरे. पण खाते गोठले तर नुकसान आपलेच.

उत्तर: म्हापशेकर

मागच्या वर्षांसाठी एकच भांडार उरते, ते म्हणजे आपली ईमेल. ईबे डॉट इनवरच्या बोलींनाही हेच लागू आहे. ते संकेतस्थळ गेले, पण त्याने पाठवलेली पत्रे तुम्ही काढून टाकली नसतील तर ती तुमच्याच पेटीत आहेत.

जीमेल असेल तर ‘गूगल टेकआउट’मधून संपूर्ण पेटी एमबॉक्स स्वरूपात (सर्व पत्रे एकाच फाइलमध्ये) उतरवता येते, आणि पायथनमध्ये अशी फाइल वाचण्याची सोय आधीपासूनच असते. पाठवणारा ईबे आहे अशी पत्रे वेगळी काढावीत, त्यांतील दुव्यांमधून वस्तू क्रमांक उचलावा आणि त्या क्रमांकानुसार पत्रांची जुळणी करावी. म्हणजे बोली स्वीकारल्याचे पत्र, कोणीतरी वरचढ बोली लावल्याचे पत्र आणि लिलाव संपल्याचे पत्र एकाच ओळीत येतात. प्रोग्रामिंग येत नसल्यास जीमेलमध्ये शोध घेऊन सापडलेल्या पत्रांना एक लेबल लावावे आणि टेकआउटमधून तेवढेच लेबल उतरवावे. फाइल लहान राहते आणि कोणा मित्राकडे काम सोपवायचे झाले तरी घरची सगळी पत्रे त्याच्या हाती जात नाहीत.

या पद्धतीची मर्यादा लक्षात ठेवावी. वरचढ बोलीच्या पत्रात जो आकडा असतो, तो त्या क्षणाचा असतो. लिलाव संपताना किंमत कितीवर गेली ते त्यातून कळत नाही. स्क्रिप्टने शेवटचे उपलब्ध पत्र पाहून तोच आकडा ‘अंतिम किंमत’ या रकान्यात टाकला, तर तक्ता दिसायला भरगच्च होईल आणि निम्मा चुकीचा असेल. अशा ओळींत अंतिम किंमत रिकामी ठेवून ‘निदान इतके तरी’ असा वेगळा रकाना करावा.

रिकाम्या जागा इतर मार्गांनी काही अंशी भरता येतात. ईबेवर शोध घेताना ‘संपलेल्या’ किंवा ‘विकल्या गेलेल्या’ वस्तूंचा चाळणी-पर्याय निवडला, तर सुमारे ९० दिवसांपर्यंतचे निकाल दिसतात. ज्यांचे विक्रेता म्हणून खाते आहे, त्यांना ‘टेरापीक’ या ईबेच्या विक्री-संशोधन साधनात ३ वर्षांपर्यंतच्या विक्रीच्या किमती पाहता येतात. नाण्यांपुरते बोलायचे तर मुंबईच्या टोडीवाला ऑक्शन्ससारख्या लिलावगृहांचे जुने निकाल त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. तिथे तुम्ही बोली लावलेली नसेल, पण तोच नाण्याचा प्रकार सापडतो. लिलावगृहाचे आकडे घेताना ते हातोड्याचे (म्हणजे नुसत्या शेवटच्या बोलीचे) आहेत की खरेदीदाराचे कमिशन धरून, एवढे पाहून घ्यावे.

उत्तर: जुना फोंडेकर

तांत्रिक बाजू वरील मंडळींनी उत्तम मांडली आहे. त्या यादीचे पुढे काय करायचे, याबद्दल मला थोडे लिहायचे आहे; कारण नाणेवेडा यांना ती भाव ठरवण्यासाठी हवी आहे आणि हरलेल्या लिलावांची यादी त्या कामी फार जपून वापरावी लागते.

ईबेवर आपण कमाल बोली टाकतो, पण यंत्रणा आपल्या वतीने गरजेपुरतीच पुढे सरकते. अंतिम किंमत ठरते ती जिंकणाऱ्याच्या कमाल बोलीवर नव्हे; दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर ठरलेली एक पायरी चढली की झाले. १०० ते २४९.९९ डॉलरच्या दरम्यान ही पायरी अडीच डॉलरची असते. समजा, पोर्तुगालच्या लुईश राजाच्या एका चांदीच्या रुपयावर मी १४० डॉलर लावले आणि दुसऱ्याने बरेच अधिक. तो लिलाव १४२.५० ला संपेल. समोरच्याने १४५ लावले होते की ४००, हे मला कधीच कळणार नाही. म्हणजे माझ्या यादीत १४२.५० हा जो ‘बाजारभाव’ नोंदला गेला, तो वस्तुतः माझीच बोली आहे, अडीच डॉलरची टोपी घालून आलेली. असे दहा लिलाव जमवून त्यांची सरासरी काढली, तर मला माझाच अंदाज परत मिळेल आणि मी म्हणेन की माझा अंदाज किती अचूक!

याउलट मी तिसऱ्या किंवा त्याखालच्या क्रमांकावर असेन, तर किंमत दोन परक्या माणसांच्या चढाओढीतून ठरलेली असते. तो आकडा भाव ठरवण्याच्या कामाचा. म्हणून सॉफ्टवेअर कोणतेही असो, त्यात ‘माझी कमाल बोली’ आणि ‘माझा क्रमांक’ हे दोन रकाने हवेतच. क्रमांक बोलींच्या इतिहासावरून कळतो. तिथे इतरांची नावे झाकलेली असतात, पण आपली बोली आपल्याला ओळखू येते. तो इतिहास लिलाव संपताच पाहून ठेवावा.

दुसरे, नुसते हरलेले लिलाव जमवू नयेत. ज्या वस्तू महाग गेल्या त्या हरलेल्यांत येणार आणि ज्या स्वस्त पडल्या त्या जिंकलेल्यांत. फक्त पहिली यादी समोर ठेवून बसणाऱ्याला बाजार नेहमी आहे त्याहून चढा दिसतो आणि पुढच्या खेपेला तो विनाकारण जास्त बोली लावतो. पर्वरीच्या मित्रांनी सांगितलेल्या विनंतीत जिंकलेल्यांची यादीही मिळते, तीही त्याच तक्त्यात घ्यावी आणि ‘निकाल’ असा एक रकाना करावा.

गोव्याच्या नाण्यांबद्दल एक सूचना. मूल्याचा रकाना शीर्षकावरून आपोआप भरू देऊ नये. जुन्या हिशोबात ६० रेईसांचा १ तांगा आणि १६ तांगांचा १ रुपया. १९५८ मध्ये एस्कुदो हे नवे चलन आले तेव्हा १ रुपयाला ६ एस्कुदो असा दर ठरला. परदेशी विक्रेते पाव तांग्याला बिनदिक्कत पाव रुपया म्हणतात आणि तांब्याचे नाणे चांदीच्या रांगेत जाऊन बसते. हे छायाचित्र पाहून हातानेच भरावे.

नाणेवेडा, डिचोली

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. फोंडेकर सरांचा दुसऱ्या क्रमांकाचा मुद्दा वाचल्यावर माझ्या वहीतल्या अनेक नोंदींकडे नव्याने पाहावे लागेल असे दिसते. माझे एक भाचे संगणक अभियांत्रिकी शिकत आहेत, त्यांच्याकडून स्क्रिप्टचे काम करून घेईन.

एक शंका राहिली. मी पुष्कळदा स्वतः बोली न लावता स्नायपिंग सेवेकडे कमाल रक्कम देऊन ठेवतो आणि ती सेवा शेवटच्या काही सेकंदांत बोली लावते. अशा हरलेल्या लिलावांपैकी काही ईबेच्या यादीत दिसतात आणि काही दिसतच नाहीत. हे कसे?

उत्तर: पर्वरीचा प्रोग्रामर

ते तसेच होणार. सेवा बोली लावायला गेली तेव्हाच चालू किंमत तुमच्या कमाल रकमेच्या पुढे गेलेली असेल, तर ती बोली ईबे स्वीकारतच नाही. ईबेच्या दृष्टीने तुम्ही त्या लिलावात उतरलाच नाहीत. म्हणून तो ‘लॉस्ट लिस्ट’मध्ये नाही, आणि वरचढ बोलीचे पत्रही येत नाही. म्हापशेकरांची ईमेलची युक्तीही तिथे चालणार नाही.

यावर उपाय दोन. स्नायपिंग लावलेली प्रत्येक वस्तू न चुकता वॉचलिस्टमध्ये (नजर ठेवलेल्या वस्तूंच्या यादीत) टाकावी आणि स्क्रिप्टने ‘लॉस्ट लिस्ट’बरोबर ‘वॉच लिस्ट’ही मागून, त्यातील संपलेले लिलाव उचलावेत. दुसरे, स्नायपिंग सेवेच्या खात्यात झालेल्या आणि फसलेल्या बोलींची जी नोंद दिसते, ती दर आठवड्याला उतरवून वस्तू क्रमांकावर जोडावी. तुमची कमाल रक्कम तिथे आयतीच लिहिलेली असते, त्यामुळे फोंडेकर सरांचा एक रकाना आपोआप भरतो.

गंमत म्हणजे, नाकारल्या गेलेल्या बोलींच्या ओळी भावासाठी सर्वांत स्वच्छ आहेत. तुमची बोली लागलीच नाही, म्हणजे अंतिम किमतीत तुमचा हात शून्य. भाच्यांना सांगून ‘निकाल’ या रकान्यात ‘जिंकला’, ‘हरला’ आणि ‘बोली नाकारली’ असे तीन पर्याय ठेवा. किंमत आणि चलन हे दोन रकानेही वेगळे करा, कारण फ्रान्समधला विक्रेता युरोत विकतो, लंडनचा पौंडात, आणि रुपयांत रूपांतर करायचे ते लिलाव संपला त्या दिवसाच्या दराने, तक्ता उघडला त्या दिवसाच्या नव्हे.